कॉलेजच्या अंतर्गत वार्तापत्रातली संधी योग्य माणसापर्यंत वेळेत कशी पोचवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एका कॉलेजच्या कार्यालयात काम करता आणि प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी दर पंधरवड्याला निघणारं ‘बातम्या आणि आगामी संधी’ हे वार्तापत्र आता तुमच्याकडे आलं आहे. प्राचार्य म्हणतात, एवढं कळवूनही कुणी अर्ज करत नाही. प्राध्यापक म्हणतात, आम्हाला कळलंच नाही. कार्यालयातले आणि प्रयोगशाळेतले सहकारी म्हणतात, त्यात आमच्यासाठी काही नसतंच. तुम्ही विचारताय की हे ईमेलवर पाठवावं की व्हॉट्सॲपवर, आणि दर आठवड्याला काढलं तर लोक वाचतील का.

मी बरीच वर्षं एका कॉलेजचं असंच वार्तापत्र सांभाळलं आणि पुढे इतर काही कॉलेजांना त्याची घडी बसवून द्यायला मदत केली. त्यावरून सांगते, ईमेल की व्हॉट्सॲप आणि आठवडा की पंधरवडा हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी हे बघा, की तुमचं वार्तापत्र वाचून माणसाला काही ठरवता येतं का. दोन तासिकांच्या मधल्या वेळात एखाद्या प्राध्यापिका ते मोबाइलवर उघडतात. ‘आंतरराष्ट्रीय कार्यशाळा, अर्जाची शेवटची तारीख २०, सोबत माहितीपत्रक’ एवढंच दिसतं. लगेच मनात येतं: मी यात बसते का? रजा कोण देईल? प्रवासाचा खर्च कुणाचा? अर्जाला किती वेळ जाईल? यातल्या एकाचंही उत्तर समोर नसतं, ते जोडलेल्या लांबलचक माहितीपत्रकात कुठेतरी असतं. मग ‘घरी गेल्यावर निवांत बघू’ म्हणून मोबाइल बाजूला पडतो आणि तो विषय तिथेच संपतो. म्हणजे त्यांनी वाचलेलं असतं. महिन्याभराने विचाराल तर ‘कळलंच नाही’ म्हणतील आणि तेही खोटं नसेल, कारण हे आपल्या कामाचं आहे एवढं मात्र त्यांना खरोखरच कळलेलं नसतं.

काही गोष्टी तुमच्या कॉलेजवर अवलंबून आहेत, म्हणून मी सांगते ते जसंच्या तसं उचलू नका. तीस-चाळीस माणसांच्या कॉलेजात सगळे एकमेकांना ओळखतात. तिथे तुम्ही स्वतः जाऊन ‘हे तुमच्यासाठी आहे, बघा’ म्हणालात तर वार्तापत्रापेक्षा जास्त काम होतं. कर्मचारी काहीशे असतील आणि दोन-तीन इमारतींत विखुरलेले असतील, तर लेखी व्यवस्थेला पर्याय नाही. रजा कोण मंजूर करतं, प्रवासखर्चाची तरतूद आहे का, कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना कोणत्या योजना लागू होतात, प्रयोगशाळेतल्या आणि देखभालीच्या लोकांना कामाच्या वेळेत संगणक मिळतो का, यावरून वार्तापत्राचं रूप ठरतं. आणि प्राचार्यांना माणसं खरोखर बाहेर पाठवायची आहेत का, हेही बघावं लागतं. परवानगीच मिळत नसेल तर दोन-तीन नकारांनंतर लोक अर्ज करणं सोडून देतात. ती अडचण तुमच्या लेखणीने सुटणारी नाही, त्यासाठी प्राचार्यांशीच बोलावं लागेल.

आता मूळ कामाकडे. पहिली गोष्ट, बातम्या आणि संधी वेगळ्या करा. दोन्हींचा काळ उलटा असतो. बातमी घडून गेलेल्या गोष्टीची असते. ती आठ दिवस उशिरा छापली तर कुणाचं नुकसान होत नाही. संधी अजून यायची असते आणि तिथे चार दिवसांचा उशीरही एखाद्याचं वर्ष घालवतो. बहुतेक वार्तापत्रांत वर प्राचार्यांच्या हस्ते झालेलं उद्घाटन, मग सत्कार, मग छायाचित्रं आणि अगदी शेवटी ‘आगामी’ असा क्रम असतो. तो उलटा करा. संधी वर, त्यातही ज्यांची मुदत जवळ आली आहे त्या सगळ्यात वर, आणि बातम्या खाली. प्राचार्यांना हे आधी समजावून सांगा, त्यांचं नाव खाली गेलं म्हणून गैरसमज नको.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक संधीची नोंद कशी लिहायची, आणि सगळ्यात जास्त कष्ट इथेच घ्यायचे. आपल्याकडे साधारण असं परिपत्रक येतं: ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, संशोधन पद्धती या विषयावरील पाच दिवसीय कार्यशाळेसाठी अर्ज मागविण्यात येत आहेत. इच्छुकांनी सोबतच्या माहितीपत्रकाचे अवलोकन करून विहित मुदतीत अर्ज सादर करावेत.’ यात कोण संबंधित, कोणती मुदत, कुणाकडे सादर, काहीच नाही. तीच नोंद मी अशी लिहीन:

‘संशोधन पद्धती कार्यशाळा. ५ दिवस, ऑनलाइन, रोज दुपारी २ ते ५. पीएचडीसाठी नोंदणी केलेल्या किंवा करू इच्छिणाऱ्या प्राध्यापकांसाठी. ग्रंथपालही अर्ज करू शकतात. कंत्राटी शिक्षकांनाही खुली. शुल्क नाही. लागणारी कागदपत्रं: एक पानाचा संशोधन आराखडा आणि विभागप्रमुखांचं शिफारसपत्र. आपल्या विभागप्रमुखांकडे १२ तारखेपर्यंत द्या. आयोजकांची शेवटची तारीख २०, संध्याकाळी ५ वाजेपर्यंत. वेगळी रजा लागत नाही, तासिकांची अदलाबदल विभागातच करायची आहे. शंका असल्यास संशोधन कक्षात, दुपारी ३ ते ४.’

शब्द जास्त झाले, पण वाचणाऱ्याला माहितीपत्रक न उघडताच ठरवता येतं. हे लिहायला तुम्हाला ते माहितीपत्रक स्वतः पूर्ण वाचावं लागतं, दोन फोन करावे लागतात, विभागप्रमुखांना रजेबद्दल विचारावं लागतं. एका नोंदीला अर्धा-पाऊण तास जातो. पण तो वेळ तुम्ही एकट्याने दिला की पन्नास माणसांचा प्रत्येकी तेवढाच वेळ वाचतो, आणि त्या पन्नासातल्या बहुतेकांनी तो दिलाच नसता.

नोंदीत पैशांबद्दल अगदी स्पष्ट लिहा. ‘प्रवासखर्च मिळेल’ एवढं पुरत नाही. आधी स्वतः भरायचा आणि पावत्या दिल्यावर परत मिळणार, की आगाऊ मिळणार? पावत्या दिल्यानंतर किती दिवसांत मिळतो? नव्याने लागलेल्या किंवा कमी पगारावर काम करणाऱ्या माणसासाठी यावरच सगळं अवलंबून असतं आणि संकोचामुळे तो हे कुणाला विचारत नाही. तुम्ही आपणहून लिहिलंत तर त्याला विचारावं लागत नाही. तसंच, एखादी संधी कुणासाठी नाही, हेही लिहायला कचरू नका. ‘दहा वर्षांहून कमी सेवा असलेल्यांनी अर्ज करू नये’ असं वाचून वाईट वाटेल, पण तीन रात्री जागून अर्ज लिहिल्यावर अपात्र ठरण्यापेक्षा ते बरं.

आता तारखांकडे येते, कारण बहुतेक संधी इथेच हातच्या जातात. आयोजकांनी दिलेली शेवटची तारीख ही तुमच्या लोकांसाठी शेवटची तारीख नसते. तिथून मागे मोजत या. मुदत २० तारखेची आहे. त्याआधी प्राचार्यांची सही, ते दौऱ्यावर असतील तर त्याला तीन-चार दिवस. त्याआधी विभागप्रमुखांची सही. त्याआधी शिफारसपत्र, ज्यांच्याकडून ते मागायचं त्यांना किमान दोन आठवडे द्यायला हवेत, नाहीतर ते मिळतं पण दोन ओळींचं मिळतं. त्याआधी प्रत्यक्ष अर्ज लिहिणं, शिकवणं सांभाळून एक आठवडा. म्हणजे २० तारखेच्या संधीची नोंद आदल्या महिन्याच्या २० च्या आसपास लोकांच्या हातात असायला हवी. परदेशी पाठ्यवृत्ती असेल आणि तिथल्या विभागाचं निमंत्रणपत्र लागत असेल, तर हे गणित काही महिन्यांवर जातं. कुणाशी पत्रव्यवहार सुरू करायचा, त्यांनी उत्तर द्यायचं, विषय जुळायचा, मग पत्र मिळायचं.

तुम्ही म्हणाल, अर्ज मागवले जाण्याआधीच मी कसं कळवणार? कळवता येतं, कारण यातल्या बहुतेक योजना दरवर्षी येतात. अमेरिकी सरकारचा फुलब्राइट हा शैक्षणिक देवाणघेवाणीचा कार्यक्रम १९४६ पासून चालू आहे आणि १६० हून अधिक देशांत चालतो. परदेशी अभ्यासकांना पाठ्यवृत्त्या देणारी जर्मनीची डाड (डीएएडी) ही शैक्षणिक देवाणघेवाणीची संस्था १९२५ मध्ये सुरू झाली. विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांना दुसऱ्या देशातल्या संस्थेत पाठवणारा युरोपातला इरॅस्मस कार्यक्रम १९८७ मध्ये सुरू झाला. अशा योजना अचानक उगवत नाहीत. म्हणून एक साधा तक्ता ठेवा: योजनेचं नाव, गेल्या वर्षी अर्ज कधी उघडले, कधी बंद झाले, आपल्याकडून कुणी अर्ज केला होता आणि निकाल काय लागला. मग वार्तापत्रात ‘पुढच्या तीन महिन्यांत अपेक्षित’ असा एक छोटा भाग करा आणि लिहा की गेल्या वर्षी या योजनेचे अर्ज अमुक सुमारास उघडले होते, इच्छुकांनी आत्तापासून तयारी करावी, नेमकी तारीख जाहीर झाली की कळवू. माझ्या अनुभवात वार्तापत्राचा सगळ्यात उपयोगी भाग हाच. शेवटचा रकानाही महत्त्वाचा आहे. ज्यांनी आधी अर्ज केला आहे, मग तो मंजूर झालेला असो वा नसो, त्यांच्याशी बोलायला मिळालं की नव्या माणसाची अर्धी भीती जाते. फक्त त्यांचं नाव देण्याआधी त्यांना विचारा.

तारखांतले दोन छोटे पण नडणारे मुद्दे. एक, रात्री १२ वाजेपर्यंत असं कधीच लिहू नका. २० तारखेची रात्र १२ म्हणजे १९ आणि २० मधली की २० आणि २१ मधली, यावर लोक चुकतात. ‘२० तारखेच्या रात्री ११:५९ पर्यंत’ असं लिहा. दोन, परदेशी परिषदांच्या मुदतीपुढे कधीकधी ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ जगात कुठेही ती तारीख अजून चालू असेपर्यंत अर्ज चालेल, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या १२ तास मागे असलेल्या घड्याळाप्रमाणे. त्यामुळे बहुतेक ठिकाणच्या लोकांना प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशीचाही काही वेळ मिळतो. हे माहीत असावं, पण नोंदीत आपल्याच घड्याळाची वेळ द्या आणि त्यावर विसंबायला सांगू नका. शेवटच्या तासात संकेतस्थळं बंद पडतात. शिवाय फुलब्राइटसारख्या योजनेत प्रत्येक देशाची मुदत आणि पात्रता वेगळी असते. शोधताना दुसऱ्याच देशाचं पान समोर येतं आणि त्यावरची तारीख उचलली जाते. आपल्याला लागू असलेलंच पान आहे ना, हे दोनदा तपासा.

शिक्षकेतर सहकाऱ्यांचं म्हणणं अगदी खरं आहे आणि मला ते मनापासून लागतं. संधी म्हणजे परिषद, शोधनिबंध, पाठ्यवृत्ती असं आपण गृहीत धरतो, आणि ग्रंथालय, प्रयोगशाळा, लेखा, परीक्षा, वसतिगृह, संगणक कक्ष सांभाळणारी माणसं त्या चौकटीबाहेर राहतात. खरं तर त्यांच्यासाठीही बरंच असतं, फक्त ते शोधून काढावं लागतं. इरॅस्मसचंच उदाहरण घ्या. त्यात प्राध्यापकांना दुसऱ्या संस्थेत शिकवायला जाता येतं, तसंच कार्यालयीन आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षणासाठी किंवा तिथलं काम बघायला जाता येतं. मुक्काम काही दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत असू शकतो. ही सोय संस्थांमार्फत चालते आणि शिकवायला जायचं तर दोन संस्थांमध्ये आधी करार लागतो. म्हणून नोंदीत नुसतं योजनेचं नाव टाकून भागत नाही. आपल्या कॉलेजचा कुणाशी करार आहे का, हे विचारून लिहावं लागतं. करार नसेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे आशा लावून कुणाची निराशा होणार नाही, आणि कदाचित प्राचार्यांनाही तो करण्याची आठवण होईल.

बाहेर जाण्यापलीकडेही कितीतरी असतं. प्रयोगशाळा सहायकांसाठी उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांचं हाताळणीचं प्रशिक्षण, ग्रंथालयात डिजिटल संग्रहाचं काम शिकवणारे अभ्यासक्रम, लेखा विभागासाठी नवीन प्रणालीचे वर्ग, प्रथमोपचार आणि आगसुरक्षेचं प्रशिक्षण, कामाच्या वेळेबाहेर पदवी पूर्ण करायची असेल तर शुल्कात मिळणारी सवलत, दुसऱ्या विभागात रिकामी झालेली जागा. मी एक नियम पाळते: शिक्षकेतर सहकाऱ्यांसाठी किमान एक पक्की संधी नसेल तर तो अंक निघत नाही. सुरुवातीला शोधायला त्रास होतो. मग ग्रंथपाल आणि प्रयोगशाळेतले ज्येष्ठ सहकारी आपणहून माहिती आणून देऊ लागतात. आणि नोंद लिहिताना ‘प्राध्यापकांनी अर्ज करावेत’ हे हात सवयीने लिहितो तिथे थांबा आणि मूळ अट बघा. पुष्कळदा तिथे संस्थेत काम करणारी कुणीही व्यक्ती चालते.

इथे आणखी एक, ज्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. बाहेरच्या संधींपेक्षा आपल्याच कॉलेजच्या नियमपुस्तिकेतल्या संधी जास्त पडून राहतात. अभ्यासरजा, प्रवास अनुदान, छोट्या संशोधन प्रकल्पांना मिळणारी मदत, शोधनिबंधाच्या प्रकाशनशुल्काची तरतूद हे सगळं कुठल्यातरी जुन्या ठरावात असतं आणि ज्यांना माहीत असतं तेच वर्षानुवर्षं त्याचा लाभ घेतात. तुम्ही लेखा विभागात बसून गेल्या वर्षी कोणती तरतूद खर्च झाली नाही ते बघा आणि वर्ष संपण्याच्या बऱ्याच आधी ती छापा. अभ्यासरजेबद्दल व्यवस्थापन कां-कूं करत असेल तर त्यांना इतिहास सांगा. हार्वर्ड विद्यापीठाने १८८० मध्ये दर सातव्या वर्षी अर्ध्या पगारी रजेची पद्धत सुरू केली, ती चार्ल्स लॅनमन या संस्कृतच्या अभ्यासकाला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून आपल्याकडे आणण्यासाठी. चांगली माणसं यावीत आणि टिकावीत यासाठी रजा द्यावी लागते, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

अंतर्गत जागा आणि समित्यांवरच्या नेमणुका छापताना एक पथ्य पाळा: सगळ्यांना एकाच दिवशी कळलं पाहिजे. ज्याच्या विभागप्रमुखांना बैठकीत आधी कळलं त्याचा अर्ज आधीच तयार, असं झालं की वार्तापत्रावरचा विश्वास जातो आणि तो पुन्हा मिळवणं फार अवघड असतं. बैठक झाली त्याच संध्याकाळी, अंकाची वाट न बघता, स्वतंत्र सूचना पाठवा.

आता खोट्या संधींबद्दल, कारण तुमच्या पेटीत येणाऱ्या पत्रांत त्यांचा भरणा मोठा असणार. ‘माननीय प्राध्यापक, आपल्या थोर संशोधनाने प्रभावित होऊन आपणांस प्रमुख वक्ते म्हणून निमंत्रित करत आहोत’ अशी पत्रं येतात आणि खाली नोंदणीशुल्क असतं. तसंच चार दिवसांत छापून देऊ म्हणणाऱ्या नियतकालिकांचं. अमेरिकेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० च्या सुमाराला अशा प्रकाशकांची यादी करायला घेतली, ती २०१७ मध्ये त्यांच्या संकेतस्थळावरून काढली गेली. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका घालून रचलेला शोधनिबंध वेगवेगळ्या खोट्या नावांनी ३०४ मुक्त-प्रवेश (म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) नियतकालिकांकडे पाठवला, आणि १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. तेव्हा ‘आम्ही निबंध तपासून घेतो’ या त्यांच्या दाव्यावर कुणी विसंबू नये.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की वार्तापत्रात छापलं म्हणजे कॉलेजने खातरजमा केली, असं लोक समजतात. म्हणून तपासल्याशिवाय काहीही घालू नका. मी काय बघते ते सांगते. परिषद असेल तर आयोजक संस्था खरी आहे का, गेल्या वर्षी ती झाली होती का आणि तिथे कुणी निबंध वाचले. वक्त्यांच्या यादीतल्या एक-दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर सरळ ईमेल करून विचारते. कितीदा तरी त्यांना त्यातलं काही माहीतच नसतं. एकाच ठिकाणी, एकाच दिवशी, वैद्यकशास्त्रापासून पुलांच्या बांधकामापर्यंत वीस विषयांच्या ‘जागतिक परिषदा’ असतील तर पुढे बघायचीही गरज नाही. नियतकालिक असेल तर संपादक मंडळ, शुल्क आधीच स्पष्ट लिहिलंय का, आणि मुक्त-प्रवेश असेल तर अशा नियतकालिकांच्या डीओएजे (DOAJ) या सूचीत ते आहे का, हे सूचीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन बघते. त्यांनी आपल्या पानावर लावलेल्या चिन्हावर विश्वास ठेवत नाही, कारण नावाजलेल्या नियतकालिकांची हुबेहूब बनावट संकेतस्थळंही असतात. ग्रंथपालांना या कामात सोबत घ्या. त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

माध्यमाबद्दल थोडक्यात. मूळ प्रत ईमेलवर असू द्या, कारण ती महिन्याभरानेही शोधून सापडते. व्हॉट्सॲपवर फक्त आठवण: ‘प्रवास अनुदानाची विभागातली मुदत परवा संपते, तपशील सोमवारच्या ईमेलमध्ये.’ ज्यांना संगणक मिळत नाही त्यांच्यासाठी सूचना फलकावर मोठ्या अक्षरात छापील प्रत, आणि तिथल्या पर्यवेक्षकांना विनंती की एकदा वाचून दाखवा. भित्तिपत्रकाचं चित्र कधीच एकटं पाठवू नका. त्यातली अक्षरं शोधात येत नाहीत, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर) वापरणाऱ्या दृष्टिहीन सहकाऱ्याला ते कोऱ्या कागदासारखं असतं. ईमेलची लांबीही सांभाळा. सुमारे १०२ किलोबाइटच्या वरचं पत्र जीमेल मध्येच कापतं आणि उरलेलं बघायला वेगळं दाबावं लागतं. विषयाच्या ओळीत ‘वार्तापत्र अंक १४’ लिहू नका, ‘१२ तारखेच्या आत: प्रवास अनुदान, ग्रंथालय प्रशिक्षण’ असं लिहा. आणि पंधरवडाच राहू द्या. दर आठवड्याला काढलं तर नोंदी तपासायला वेळ उरत नाही.

बातम्यांचा भाग छोटा ठेवा पण मायेने लिहा. निवृत्ती, नवीन रुजू झालेले, पदोन्नती, पीएचडी मिळाली, निबंध प्रसिद्ध झाला. निबंधाच्या बातमीत त्याचा डीओआय (DOI), म्हणजे प्रत्येक निबंधाला मिळणारा कायमचा ओळखक्रमांक द्या, म्हणजे ज्यांना वाचायचा त्यांना तो सापडेल. ‘अमुक यांचा आंतरराष्ट्रीय नियतकालिकात शोधनिबंध’ एवढ्यावर थांबू नका, तो कशाबद्दल आहे ते एका सोप्या वाक्यात त्यांच्याकडूनच लिहून घ्या. शेजारच्या विभागातल्या माणसाला त्यातून सहकारी सापडतो. प्रयोगशाळेत बंद पडलेलं जुनं उपकरण कुणी दुरुस्त करून चालू केलं असेल तर तीही बातमी आहे, आणि सत्काराच्या छायाचित्रापेक्षा मोठी आहे. आजारपण, घरगुती गोष्टी, वय हे संबंधितांना विचारल्याशिवाय छापू नका. निधनाची बातमी असेल तर आधी घरच्यांशी बोला.

परिणाम कसा मोजायचा हेही तुम्हाला प्राचार्यांना सांगावं लागेल. किती जणांनी ईमेल उघडला, या आकड्यावर जाऊ नका. ॲपलने २०२१ पासून आपल्या मेल ॲपमध्ये असा माग काढणं निकामी करणारी सोय दिली आहे, त्यामुळे तो आकडा फुगून येतो. त्यापेक्षा प्रत्येक संधीपुढे तीन गोष्टी लिहून ठेवा: आपल्याकडे पात्र किती जण होते, चौकशी किती जणांनी केली, अर्ज किती गेले. पात्र चार असताना दोन अर्ज गेले तर ते उत्तम आहे, आणि ‘फक्त दोनच अर्ज’ ही तक्रार तिथेच मिटते. चौकशी बरीच आणि अर्ज नाहीत, असं दिसलं तर मध्ये काहीतरी अडतंय: सही, पैसे किंवा वेळ. मग त्या माणसांना भेटून विचारा. ते लेखी सांगणार नाहीत, समोर बसून सांगतील.

पुढचा अंक काढण्याआधी एवढं करा. तक्त्यासाठी गेल्या वर्षभरातली सगळी परिपत्रकं काढून बसा आणि तारखा भरा. ग्रंथपाल, लेखापाल आणि प्रयोगशाळेतले एक ज्येष्ठ सहकारी यांना भेटा आणि प्रत्येकाकडून एक नोंद मागा. पहिल्या अंकात पाचच संधी घ्या, पण त्या पाचही वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण लिहा. तुमच्याकडे रजा आणि प्रवासखर्च कुणाच्या सहीने मंजूर होतो, आणि कंत्राटी शिक्षकांना त्यातलं काय लागू आहे, एवढं कळवलंत तर त्याप्रमाणे नोंदीचा नमुना मी तुम्हाला तयार करून देईन.